दुसऱ्या छपराखालची प्रत

मे महिन्यात भिलईत, रुआबांध्याकडच्या मोकळ्या मैदानात चिखल नसतो. जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि त्या भेगांत कारखान्याच्या बांधकामावरची लाल धूळ भरलेली असते. अशा जमिनीवर एक पन्नाशीचा माणूस रोज संध्याकाळी उभा राहून बूट झटकायचा. आधी उजवा, मग डावा. नीट, दमाने, जणू आत जाण्याआधी पायाखालची घाण दाराबाहेर राहिली पाहिजे.

दार नव्हतं. आतही नव्हतं. मैदान होतं.

त्याचा फेरा ठरलेला. विजेच्या एका एकाकी खांबापासून निघायचा. सरळ जायचा. मग एका जागी शर्टाची कॉलर वर करून मान खाली घालायचा आणि समोरून वारा येतोय असा तिरपा चालायचा. मी तिथे उभं राहून पाहिलंय, झाडाचं पान हलत नव्हतं. पुढे काटकोनात वळायचा. बूट झटकायचा. आणि मग सपाट जमिनीवर गुडघे उचलून चढू लागायचा. मध्येच डाव्या अंगाला सरकून, श्वास रोखून, क्षणभर उभा राहायचा. पुन्हा चढायचा. शेवटी हात वर करून बोटाच्या पेरांनी हवेवर टकटक करायचा आणि कान देऊन थांबायचा. बराच थांबायचा. मग उतरून, धूळ पुसून, आपल्या क्वार्टरवर जाऊन खिचडी शिजवायचा.

पोरं त्याच्या मागे लागत नसत. हे मला सगळ्यांत विचित्र वाटायचं. एरवी आमच्या सेक्टरमधली पोरं वेड्याला सोडत नाहीत.

तो रेकॉर्ड रूमचा माणूस होता. आम्ही सगळे त्याला काका म्हणत असू. नागपूरकडचा, आधी रेल्वेत दफ्तरं सांभाळलेला. कारखान्याचे नकाशे रशियातून लाकडी खोक्यांत भरून येत, रशियन अक्षरांत, आणि ते उतरवून, लावून, मागेल त्याला द्यायचे हे त्याचं काम. मी दिवसा फिटरच्या हाताखाली होतो आणि उरलेला वेळ पत्रकं लिहायचो. अजूनही लिहितो. आमचं घर भंडाऱ्याकडून आलेलं. मला मराठी येते ती घरातली, हिंदी येते ती पत्रकातली, आणि राग येतो तो दोन्हींत.

त्या काळात राग यायला कारण शोधावं लागत नव्हतं. जिथे गावं होती तिथे सेक्टर आले. गावांना नावं होती, सेक्टरांना नंबर. ज्यांची शेतं गेली तेच लोक त्याच शेतांची माती डोक्यावर वाहत होते. मी पत्रक काढलं, ‘गाव कुठे गेलं?’ आणि उत्तर मागायला सरळ रेकॉर्ड रूमवर धडकलो. आमच्यात बोललं जायचं की गावांचे सगळे कागद काकाने दाबून ठेवलेत.

दारातच त्याने माझे खिसे चाचपले. काडेपेटी काढून घेतली, बाहेरच्या विटेवर ठेवली.

“काय पत्रकवाले,” तो म्हणाला, “आज कोणाले झोडून राहिले?”

“तुम्हालाच. गावाचे कागद दाखवा.”

“पाह्य ना. कोनं नाही म्हटलं?”

त्याने फडताळावर आधी हलकेच टकटक केली, मग हात घातला. हे तो नेहमी करी. मला वाटलं विंचवासाठी करतो. विचारलं तर म्हणाला, “आत कोण असन त्याले खबर द्याची. एकदम हात घालाचा नाही कोणाच्या घरात.”

कागद दाखवले. शेतांचे नंबर, हद्दी, नावं. दाबलेलं काही नव्हतं. माझा राग बसायला जागाच उरली नाही, आणि त्यामुळे तो आणखी वाढला. मी म्हणालो, “हे गाव नाही. हा गावाचा नकाशा आहे.”

काका माझ्याकडे पाहत राहिला. पहिल्यांदाच नीट पाहत होता. “हाव,” तो म्हणाला. “हे तुले कोनं सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं?”

“बस मग,” तो म्हणाला आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

त्याचे काही नियम होते आणि ते तो कुजबुजत सांगायचा. त्या खोलीत तो कधी मोठ्याने बोलला नाही. पहिला नियम, एका छपराखाली दोन प्रती ठेवायच्या नाहीत. नकाशाची दुसरी प्रत निघाली की ती दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या गावात. साहेब हसायचे. एकदा तर एका इंजिनियरने सगळ्यांसमोर विचारलं, “काका, तुमची पण दुसरी प्रत आहे का कुठे?” काका गंभीरपणे म्हणाला, “व्यवस्था करून राहिलो.”

या नियमामागचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, बाहेर विटेवर बसून. त्याची एक मुलगी होती. लहानपणीच गेली. तिचे दोन फोटो होते. रेल्वेच्या क्वार्टरला आग लागली तेव्हा दोन्ही फोटो एकाच पेटीत होते.

“दोन होते म्हणून मी निश्चिंत होतो,” तो म्हणाला. “आता मले तिचा चेहरा येत नाही. कपडे येतात. झबलं आठवते, पिवळं. वरचा भाग येतच नाही.”

मी बशीतला चहा संपवला.

दुसरा नियम, कळलं नाही म्हणून गाळायचं नाही. जुन्या कागदावर एखादी खूण असेल, डाग असेल, कोणी वेडीवाकडी रेघ मारली असेल, तर नक्कल करताना तीही आली पाहिजे. “आपल्याले अर्थ लागत नाही हा आपला दोष हाये,” तो म्हणायचा. “रेघेचा नाही.”

हे नियम त्याचे एकट्याचे नव्हते. त्या खोलीत आणखी एक टेबल होतं, रशियन मॅडमचं. नकाशांची रशियन बाजू ती सांभाळायची. चाळिशी उलटलेली, अंगाने हाडकुळी, डोक्याला कायम रुमाल बांधलेला. तिचं शहर महायुद्धाच्या लढाईत पार जमीनदोस्त झालं होतं आणि त्या शहराच्या दफ्तरखान्यात ती लढाईआधीपासून नोकरीला होती. कागद सगळे जळले. लढाई संपल्यावर शहर पुन्हा बांधायचं ठरलं, तर कोणती गल्ली कुठे होती हे सांगायला एक चिठोरं शिल्लक नव्हतं. तेव्हा तिथल्या दफ्तरवाल्यांनी जिवंत माणसांना ढिगाऱ्यांवर चालायला लावलं. डोळे मिटा आणि घरी जा, असं सांगितलं. माणसं चालली. पायांना ठाऊक होतं. कुठे वळायचं, कुठे वाकायचं, कुठे शेजारणीला टाळायचं. मागे दफ्तरवाले चालत आणि ते चालणं स्वतःच्या पायांत उतरवून घेत.

हे मला काकाने सांगितलं. मॅडम हिंदी बोलायची पण मोजकं. मी तिला विचारलं होतं की कागदावर का नाही उतरवलं? ती म्हणाली, “उतारा भी. काग़ज़ अलग. पैर अलग.”

तर इथली गावं उठत होती तेव्हा काका गावांची दफ्तरं गोळा करायला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी मॅडम त्याच्यासोबत जायची. कागद काका घ्यायचा. मॅडम एखाद्या म्हातारीला सांगायची की पाणी आणायला कशी जातेस, मळ्यात कशी जातेस, चाल. आणि तिच्या मागून चालायची. पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे. गावातले लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. एक परदेशी बाई डोळे अर्धवट मिटून आपल्या म्हातारीसारखीच कंबर धरून चालतेय हे फार वेळ बघवत नाही. कोणीतरी म्हणालं, टोनही आहे. म्हणजे चेटकीण. गाव पायांत ओढून घेऊन चाललीये.

पुढे गाव खरंच गेलं. आधी घरं, मग झाडं, मग तळ्याची पाळ. बुलडोझर आले, सगळं एकसारखं झालं. आता लोक ठामपणे सांगू लागले की गाव कोणी पाडलं नाही, टोनहीने नेलं. मी यावर चिडून पत्रक लिहिलं होतं, अंधश्रद्धेच्या विरोधात. लोकांनी ते घेतलं, घडी घातली, आणि मॅडम रस्त्याने आली की पोरांना घरात ओढणं चालूच ठेवलं.

आता एका रेजाबद्दल. बांधकामावर माती वाहणाऱ्या बाईला इकडे रेजा म्हणतात. ही उठलेल्या गावातली होती, आता कोहक्याकडे झोपडी टाकून राहत होती. तिशीची असेल, दिसायची पन्नाशीची. नवरा मेलेला. ज्या जमिनीवर ती घमेलं वाहायची ती तिच्याच गावची जमीन होती, आणि मला तर सभेसाठी असाच माणूस हवा होता. मी तिला गाठलं. म्हटलं, बाई, मंचावर ये, दोन शब्द बोल, तुझ्या तोंडून आलं तर दगडाला पाझर फुटेल.

“मैं मीटिंग म नइ बोलंव, बाबू,” ती म्हणाली. मी बोलणार नाही. मग घमेलं खाली ठेवून म्हणाली की तुला एवढं करायचंच असेल तर एक कर. माझं लेकरू कुठे आहे ते शोधून दे.

लेकरू गावात असतानाच गेलं होतं, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. घरातले पुरुष घेऊन गेले. बाळंतिणीला नेत नाहीत, सांगतही नाहीत, म्हणजे ती पुन्हा पुन्हा तिकडे जाऊ नये. तिने विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती. सासू तर त्या पोराचं नावही घ्यायची नाही. त्या गोष्टीचा रेजाच्या मनात सासूबद्दल कायमचा काटा होता. आता नवरा नाही, सासरा नाही, सासूही गाव उठल्यावर गेली. जागा ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही. आणि तिला दिसत होतं की त्या बाजूला नवे खड्डे खणून झालेत, सळया बांधून झाल्यात, दोनचार दिवसांत काँक्रीट पडणार. तिला तिथली मूठभर माती हवी होती. झोपडीच्या दारात पुरायला. एवढंच.

ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्या सपाटीवर फिरायची आणि तिला काहीच ओळखू येत नव्हतं. तळं नाही, मोहाचं झाड नाही, भिंत नाही. स्वतःच्या गावात ती हरवली होती. हे ऐकून मी किती तरी वेळ शिव्या देत होतो, कोणाला ते मलाच ठाऊक नाही.

मग मला वाटलं, काका. संध्याकाळी मैदानात तो जो फेरा मारतो तो गावचाच असणार. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. लोक म्हणायचे, काका उठलेल्या गावाच्या भुतांकडे जाऊन बसतो. मी रेजाला घेऊन गेलो. आम्ही खांबाशी उभे राहिलो. काका निघाला. सरळ गेला, कॉलर वर केली, वळला, बूट झटकले, चढू लागला.

रेजा बघत होती. मग तिने पदर तोंडावर धरला आणि मागे सरकली.

“ए हमर गांव नोहे,” ती म्हणाली. हे आमचं गाव नव्हे. “हमर गांव म अतेक सीढ़ी कहां रिहिस?” आमच्या गावात इतक्या पायऱ्या होत्याच कुठे?

इतके महिने मी बघत होतो, आणि हे मला दिसलं नव्हतं. छत्तीसगढच्या मातीच्या गावात कोण जिने चढतं? मग हा माणूस रोज कुठे जातो?

काका उतरून आला. मी विचारलं, थेट विचारलं.

“तिची गल्ली हाये,” तो म्हणाला. “मॅडमची. लहानपणी तिथं राहे ते. कागद जळले, माणसं गेली, आता एकट्या तिच्याचजवळ होती. एकच प्रत. म्हटलं हे बरोबर नाही. मी शिकून घेतली.”

“आणि बूट काय झटकता?”

“बर्फ असते तिकडं.”

“आणि गाव? इथलं गाव?”

“ते तिच्याजवळ. गावाचे कागद इथं, म्हणून पाय दुसऱ्या छपराखाली.” मग तो थांबला. त्याला आता रेजा दिसली, आणि मी तिला कशाला आणलं असेल हेही त्याच्या लक्षात आलं. “मले गाव येत नाही रे,” तो हळूच म्हणाला. “मी नाही चाललो. मी कागद बांधत होतो.”

मी त्याला नाही नाही ते बोललो. आपल्या गावाची वाट परदेशी बाईच्या पायांत, आणि तिच्या गावाची वाट तुमच्या पायांत, याला काय म्हणायचं? हा कुठला शहाणपणा? ती तर पुढच्या आठवड्यात परत चाललीय. काका ऐकून घेत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “म्हणजे अजून हाये ना इथं. चाल.”

रेजा यायला तयार नव्हती. टोनहीच्या मागे मी जाणार नाही, म्हणाली. ज्या बाईने गाव नेलं तिच्याकडे गावच मागायचं? मी पत्रकातले सगळे मुद्दे तिला सांगितले. तिने एकही ऐकला नाही. शेवटी काकाने तिला सांगितलं, “नेलं ना तिनं? मंग तिच्याजवळच असन.” यावर ती म्हणाली, “काली.” उद्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली, भोंगा वाजला. भर दुपारची वेळ. आमच्याकडे आई या वेळेला पोरांना झाडाखाली जाऊ देत नाही, आणि मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही हे पुन्हा सांगून ठेवतो. सगळे मजूर सावलीला गेलेले. सपाटीवर आम्ही चौघं. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. रेल्वे लाइनखालून पाणी जायला दगडी मोरी होती, ती तेवढी जुनी, हललेली नव्हती. मॅडमने तिथून सुरुवात धरली. त्या बाजूने गावातलं कोणी कधी गावात शिरत नसे, म्हणून रेजाला मोरीचा उपयोग नव्हता. मॅडमने मात्र शिकताना मुद्दाम तीच खूण धरली होती. रेल्वेची मोरी कोणी पाडत नाही, असं तिला काकानेच सांगितलं होतं.

तिने चष्मा काढून काकाकडे दिला. डोळे अर्धवट मिटले. थोडा वेळ तिला काही आलं नाही. मग तिचा डावा हात कमरेवर गेला, खांदा खाली आला, आणि ती चालू लागली. ही मॅडम नव्हती. मॅडम ताठ चालायची, शिपायासारखी. ही बाई एका पायावर जास्त भार टाकत होती.

माझ्या शेजारी रेजाच्या घशातून आवाज निघाला. ती म्हणाली, “सास.”

ती सासू होती. नंतर काकाने सांगितलं, त्या गावात मॅडमने जिच्यामागे चालून शिकून घेतलं ती म्हातारी हीच. पण त्या क्षणी कोणाला सांगायची गरज नव्हती. रेजाने पदर पुढे ओढला आणि सुनेने चालावं तशी, थोडं मागे राहून, चालू लागली. भीती कुठे गेली कोण जाणे.

मॅडम एका जागी वाकली. रेजा वाकली. माझ्या डोक्यावर तर आभाळ होतं. पुढे मॅडम रुंद वळसा घालून गेली आणि रेजा पुटपुटली, विहीर. पुढे मॅडमने जिभेने च् च् केलं, आणि रेजा हसली, खरंच हसली, म्हणाली, कुंभाराचं कुत्रं. मग एके ठिकाणी मॅडमने डोक्यावरचा रुमाल ओढून तोंडावर घेतला आणि पावलं भराभर टाकली. रेजाने तेच केलं. मी विचारलं, इथे काय? म्हणाली, घरातल्या मोठ्या माणसांची ओसरी. बायकांनी तोंड झाकून जायचं.

मॅडमला हे ठाऊक नव्हतं. मी नंतर तिला विचारलं की रुमाल का ओढला. तिने खांदे उडवले. “मैं समझती नहीं,” ती म्हणाली. “मैं रखती हूँ.”

तळ्याच्या पाळीची चढण आली असावी, कारण मॅडम हळू झाली. पाण्याची वाट इथे संपायची. रेजा थांबली. घागर भरायची जागा, ती म्हणाली, झालं, इथून परत. पण मॅडम परतली नाही. ती पाळीवरून उजवीकडे वळली. मान वळवून मागे पाहिलं, कोणी बघत नाही ना असं. आणि भराभर, त्या दुखऱ्या पायावर शक्य तेवढ्या भराभर, एका बाजूला गेली. बांधलेल्या सळयांच्या कडेशी थांबली. खाली बसली. कमरेच्या ओच्यातून काहीतरी काढल्यासारखं केलं, जमिनीवर ठेवलं. तळहात जमिनीवर टेकवला, थोपटावं तसा. मग उठून, डोळे पुसून, पुन्हा पाळीवर आली.

काका माझ्याजवळ कुजबुजला, “हे तिले कधीच समजलं नाही. म्हातारी दर वेळी असंच करे. इचारलं तर बोलत नसे. मॅडमनं ठेवलं तसंच.”

रेजा तिथे पोचली होती. जिथे मॅडमचा तळहात टेकला होता तिथे ती बसली. रडली नाही. तिने सासूला एक शिवी दिली, छत्तीसगढीत, फार प्रेमाची, आणि मातीत बोटं घातली. वर वाळू होती, खाली काळी माती लागली. ओलसर होती. मे महिन्यात, त्या सपाटीवर, ओलसर. मी हात लावून पाहिलं. यापुढे मी काही सांगत नाही, एवढंच सांगतो की आजूबाजूला खणून पाहिलं तर ती कोरडी ठणठणीत होती.

माती तिने पदरात बांधली. मॅडम बाजूला उभी होती, चष्मा लावून, पुन्हा ताठ. रेजा तिच्यापाशी गेली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. मॅडम गोंधळली. तो नमस्कार तिला नव्हता, हे तिला कळलं असावं, कारण ती मागे सरली नाही. जिचा होता तिला पोचेपर्यंत पाय स्थिर ठेवून उभी राहिली.

भोंगा झाला. लोक कामावर आले. मी ठेकेदाराकडे गेलो, भांडलो, खड्डा चार हात सरकवा म्हटलं. नकाशा बदलत नसतो, तो म्हणाला. काँक्रीट पडलं. तिथे आज काय उभं आहे ते भिलईत सगळ्यांना दिसतं, मी बोट दाखवणार नाही. पत्रकही काढलं नाही. रेजा म्हणाली होती, हे छापायचं नाही, आणि नाव तर मुळीच नाही. म्हणून नाव नाही.

मॅडम गेली. स्टेशनवर काका गेला होता, मीही गेलो. गाडी हलली तेव्हा काकाने तिच्या पायांकडे पाहिलं आणि तिने त्याच्या. गाव गाडीत बसून गेलं. त्या दिवशी मला टोनहीची गोष्ट मुळीच खोटी वाटली नाही, फक्त उलटी वाटली.

वर्षभराने काका रिटायर झाला. गोंदियाकडे भावाकडे जाणार होता. निघण्याआधी काही आठवडे तो रोज माझ्या दारात येऊन उभा राहायचा. “चाल.”

“मी नाही येणार.”

“मी गोंदियाले चाललो. तिकडं एक प्रत राहीन. इथं कोण?”

“काका, इथे माणसांना प्यायला पाणी नाही. मी उठलेल्या लोकांसाठी लढतो. परदेशातल्या कुठल्यातरी गल्लीशी माझं काय देणंघेणं?”

“अन् तिचं आपल्या गावाशी काय होतं?”

मी त्याच्या मागे चालू लागलो. तो चुका काढायचा, कुजबुजत. “कॉलर आधी. वारा नदीवरून येते.” “एवढ्या जोरानं नको झटकू, खाली म्हातारी राहते.” जिन्यावर मध्येच डाव्या भिंतीला का चिकटायचं, ते त्याने सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं. मॅडम तसं करायची, म्हणून तो करायचा. म्हणून मी करतो.

हो, करतो. रोज नाही, सभा नसेल तेव्हा. आता त्या मैदानाच्या एका टोकाला क्वार्टर आले आहेत, पण जिना अजून मोकळ्यात आहे. लोक हसत नाहीत, पोरं मागे लागत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी मी चढत होतो, डोक्यात उद्याच्या पत्रकाचा मजकूर चालला होता, आणि मला काही आठवायच्या आत माझं अंग डाव्या बाजूला सरकलं. वाट दिली. उजव्या बाहीला काहीतरी जाड, खरखरीत घासून खाली गेलं. बाही मी घरी येऊन पाहिली. कोपरापासून खाली ओली होती आणि थंड होती. मी जे बघितलं तेच लिहितोय. मी शास्त्रावर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

वर गेल्यावर मी टकटक करतो आणि थांबतो. काकाला कोणी दार उघडलं नाही, मलाही अजून नाही. पण मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, भाषण पाठ करतो तसं. नमस्कार. मी भिलईहून आलोय. तुमची गल्ली आमच्याकडे नीट आहे. आमचं गाव कसं आहे?